बेचाळीस मीटरची तार

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आली. मंडळाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा असा आग्रह झाला तेव्हा विषय शोधावा लागला नाही, कारण ही तारीख माझ्या डायरीत आधीच लिहिलेली होती. १९४२ साली २७ ऑगस्टलाच मुंबईत चौपाटीवरच्या एका इमारतीतून एक चोरटं रेडिओ केंद्र सुरू झालं. त्याचं नाव काँग्रेस रेडिओ. ते चालवणाऱ्या उषा मेहता यांचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असेल. २०२४ साली त्यांच्यावर हिंदी सिनेमाही आला. उषाबेनचं धाडस, त्यांचा आवाज, त्यांचा तुरुंगवास हे सगळं सांगून झालेलं आहे. पण आवाज आपोआप हवेत जात नाही, त्याला तार लागते. त्या तारेबद्दल कोणी फारसं बोलत नाही. मलाही ती कळली ती प्रतापनगरला आमच्या इमारतीच्या अगाशीवर मी स्वतः एक तार बांधली तेव्हा.

मी राज्य सरकारी नोकर. शिक्षण डिप्लोमापर्यंतचं. कोविडच्या काळात घरी बसून जुनी आवड उकरून काढली आणि हौशी रेडिओची परीक्षा दिली. हौशी रेडिओवाल्यांना जगभर 'हॅम' म्हणतात. सरकारकडून रीतसर लायसन्स आणि व्हीयू या अक्षरांनी सुरू होणारं बोलावण्याचं चिन्ह मिळतं. नेमून दिलेल्या पट्ट्यांमध्ये आपल्या घरच्या यंत्रावरून दुसऱ्या हॅमशी बोलायचं, धंदा करायचा नाही, राजकारण करायचं नाही, सांकेतिक भाषेत बोलायचं नाही. मधे मोबाईल कंपनी नाही, टॉवर नाही, रिचार्ज नाही. यंत्र विकत मिळतं. अँटेना मात्र बहुतेक जण घरीच करतात, कारण ती शेवटी एक तारच असते आणि ती आपल्या जागेला बेतून करावी लागते.

आमच्या पिढीच्या लोकांना एरियलची तार नवी नाही. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता. तो लावला की आधी मागच्या बाजूने तांबूस उजेड दिसायचा आणि मिनिटभराने आवाज यायचा. कौलांवर दोन बांबू, त्यांच्यामध्ये तांब्याची पिळाची तार, आणि दोन्ही टोकांना चिनी मातीचे, साधारण लिंबाएवढे इन्सुलेटर. ज्यांना कौलांवर चढायचं नसे त्यांच्या घरी तांब्याच्या जाळीची पट्टी आढ्याखालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लावलेली असे. बुधवारी रात्री त्या जाळीतूनच सिलोनची गीतमाला घरात यायची. रेडिओचं लायसन्स पोस्टात भरायचं पुस्तकही असे. मुद्दाम सांगतो, कारण नव्या मुलांना रेडिओ ऐकायलाही कधी लायसन्स लागत होतं हे खरं वाटत नाही.

घर पडलं तेव्हा आजोबांच्या एरियलचे ते दोन इन्सुलेटर वडिलांनी एका डब्यात टाकून ठेवले होते. माझ्या अँटेनाच्या दोन टोकांना आज तेच आहेत.

आता ही तार बांधतात कशी ते थोडक्यात सांगतो. पुढची गोष्ट समजायला ते लागेल.

रेडिओच्या लहरीची लांबी मोजता येते. तिच्या निम्म्या लांबीची तार घ्यायची, बरोबर मध्ये तोडायची, दोन तुकड्यांच्या मधल्या टोकांना केबल जोडायची आणि बाहेरची टोकं इन्सुलेटर लावून ताणायची. याला डायपोल म्हणतात. हर्ट्झने १८८७-८८ साली प्रयोगशाळेत रेडिओ लहरी पहिल्यांदा निर्माण केल्या तेव्हा त्याने वापरलेली मांडणीही मुळात अशीच दोन हातांची होती. सगळा खेळ लांबीचा आहे. तंबोऱ्याची तार जशी लांबी, जाडी आणि ताण यांवर एकाच सुरात बोलते, तशी अँटेनाची तार लांबीवर एकाच ठिकाणी नीट 'बोलते'. फरक इतकाच की इथे ताणाने सूर बदलत नाही, कात्रीने बदलतो. तार लांब असेल तर सूर खाली, तोकडी असेल तर वर. लांबी चुकली तर यंत्रातून निघालेली शक्ती तारेवरून परत फिरते आणि यंत्र तापतं. किती परत येते ते दाखवणारा एक मीटर असतो. त्यावर एकास एक आलं तर उत्तम, एकास दीडपर्यंत चालतं, तीनच्या वर गेलं तर हात आवरायचा.

मला ४० मीटरचा पट्टा हवा होता. आपल्याकडे हा पट्टा ७ ते ७.२ मेगाहर्ट्झचा आहे. दिवसा यावर पुणे, नाशिक, इंदूर सहज ऐकू येतात, आणि अंधार पडल्यावर पल्ला लांबत जातो. यासाठी तार लागते सुमारे २० मीटर, म्हणजे ६६ फूट. आमची अगाशी १५ मीटरची. मग जिन्याच्या केबिनवर पाण्याच्या टाकीशेजारी लोखंडी पाइप उभा केला, तारेचा मध्य वर बांधला आणि दोन्ही हात तिरपे खाली कठड्याकडे आणले. उलट्या व्ही अक्षरासारखं. तार घरातल्या वायरिंगचीच, दीड चौरस मिलिमीटरची. मधल्या जोडाला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा. केबल टीव्हीच्या वायरची सावत्र बहीण शोभेल अशी जाड काळी केबल खाली घरात. खिडकीच्या चौकटीला भोक पाडण्यावरून घरात जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

नवशिके करतात ती चूक मी टाळली आणि तार मुद्दाम २१ मीटर ठेवली. कापता येतं, वाढवताना जोड द्यावा लागतो. मीटर लावला तर सूर लागला ६.८५ मेगाहर्ट्झवर. हवा होता ७.१ च्या आसपास. त्रैराशिक मांडलं: २१ गुणिले ६.८५ भागिले ७.१, म्हणजे २०.२६ मीटर. दोन्ही हातांतून ३७-३७ सेंटिमीटर कमी करायची होती. मी एकदम न कापता आधी वीस-वीस सेंटिमीटरच दुमडली, पुन्हा मोजलं, पुन्हा दुमडली. प्रत्येक वेळी अगाशीवर चढा, गाठ सोडा, गाठ बांधा, खाली या, मीटर बघा. तो रविवार असा गेला. संध्याकाळी एकास एक पूर्णांक तीनवर काटा स्थिरावला तेव्हा माझे गुडघे बोलत होते, पण पहिल्याच हाकेला साताऱ्याहून एका गृहस्थांनी स्वच्छ मराठीत उत्तर दिलं.

आता तक्रारीचं. वरच्या मजल्यावरच्या एका काकांनी पहिल्या दिवशी विचारलं, "काय रे, कपडे वाळत घालायला इतकी उंच दोरी?" मी खरं सांगितलं आणि तिथेच घोटाळा झाला. आठवड्याभरात इमारतीच्या कमिटीचा कागद आला की अगाशीवरचा 'टॉवर' काढावा. कोणाचं रक्तदाब वाढला होता म्हणे, कोणाच्या टीव्हीत रेषा येत होत्या. लायसन्सची नक्कल जोडून उत्तर दिलं, त्याचा उपयोग झाला नाही. शेवटी एका रविवारी कमिटीच्या चौघांना चहाला बोलावलं, रेडिओ लावून दाखवला, आणि ही तार काय करते ते सांगायला लागलो. काहीतरी इतिहास सांगावा म्हणजे लोक ऐकतील म्हणून आदल्या रात्री काँग्रेस रेडिओबद्दल वाचत बसलो होतो. तेव्हा तो आकडा समोर आला.

काँग्रेस रेडिओ आपलं ठिकाण सांगत नसे. भारतात कुठूनतरी बोलतो आहोत एवढंच सांगे, आणि लहरीची लांबी सांगे: ४२.३४ मीटर. मी सवयीने भागाकार केला. प्रकाशाचा वेग भागिले ४२.३४. उत्तर ७.०८ मेगाहर्ट्झ. म्हणजे माझ्याच पट्ट्यात. मी ज्या तारेवर साताऱ्याशी बोललो, तिच्यावर बोटाच्या पेराएवढाही फरक न करता काँग्रेस रेडिओ चालला असता.

हा योगायोग नाही. १९२१ साली कलकत्त्याच्या अमरेंद्रचंद्र गुप्तू यांच्यापासून आपल्याकडे हौशी रेडिओ सुरू झाला. संख्येने ही मंडळी मूठभर. १९३९ साली महायुद्ध पेटलं तसं सरकारने सगळ्या हौशी लोकांची लायसन्सं रद्द केली. यंत्रं बंद झाली, पण हात आणि डोकी होतीच. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ९ तारखेला पहाटे गांधीजींसह सगळे मोठे नेते पकडले गेले, आणि बाहेर राहिलेल्या तरुणांना रेडिओ काढायचं सुचलं, तेव्हा यंत्र करून देणारा माणूस त्यांना याच हौशी लोकांत सापडला: नरिमन प्रिंटर. हौशी माणसाने बांधलेलं यंत्र हौशी पट्ट्यातच सूर धरणार.

उषाबेन तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. जन्म सुरत जिल्ह्यातल्या सरस गावचा, शिक्षण मुंबईत. बरोबर बाबूभाई खाकर, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी. शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांनी सामग्री आणि तंत्रज्ञांची मदत पुरवली. काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवणारी हीच ती कंपनी. राममनोहर लोहिया आणि आपले अच्युतराव पटवर्धन हे भूमिगत नेते मजकुराची बाजू पाहत. भाषणं आणि बातम्या एका जागी रेकॉर्ड करायच्या आणि दुसऱ्या जागेवरून सोडायच्या अशी पद्धत होती.

आता माझ्यासारखा तार बांधणारा माणूस या गोष्टीकडे पाहतो तेव्हा त्याला पहिला प्रश्न पडतो तो जागेचा. चौपाटीवरची सी व्ह्यू, लॅबर्नम रस्त्यावरची अजित व्हिला, सँडहर्स्ट रस्त्यावरचं लक्ष्मीभुवन, गिरगावातली पारेखवाडी, महालक्ष्मीजवळचा पॅराडाइज बंगला. अडीच महिन्यांत इतक्या जागा. पुस्तकात ही नावं एका ओळीत येऊन जातात. पण जागा बदलायची म्हणजे नुसती पेटी टॅक्सीत घालून न्यायची नाही. नव्या जागी तार ताणायची. निम्म्या लहरीची वीस मीटर, किंवा जमिनीचा आधार घेऊन पाव लहरीची दहा मीटर तरी. उंची वेगळी, भिंती वेगळ्या, शेजारचे पत्रे वेगळे, की सूर हलतो. मग पुन्हा जुळवा. मी लायसन्स खिशात ठेवून, सुट्टीच्या दिवशी, चहा पीत एक रविवार घालवला. त्यांच्याकडे लायसन्स नव्हतं, खाली रस्त्यावर पोलीस होते, आणि तार ही तर लपवायला सगळ्यात अवघड वस्तू. ट्रान्समीटर कपाटात मावतो. वीस मीटरची तार कपाटात ठेवून चालत नाही.

त्यातल्या त्यात सोय एवढीच की तेव्हा शहरात रेडिओ असलेल्या घरांवर एरियलच्या तारा दिसतच असत. ऐकायची तार आणि बोलायची तार यांत खालून बघणाऱ्याला फरक कळत नाही. मी आमच्या कमिटीला हेच सांगितलं आणि काका पहिल्यांदा हसले.

त्या तारेवरून काय गेलं हे पाहिलं म्हणजे तिची किंमत कळते. वर्तमानपत्रांवर बंदी आणि धाक. १६ ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, विदर्भात चिमूर आणि आष्टी इथे लोक उठले. पोलीस अधिकारी मारले गेले, मग चिमुरात लष्कर आणि पोलीस घुसले, आणि तिथल्या घरांवर, बायकांवर जे गुदरलं ते छापायला सरकारने बंदी घातली. भन्साळींनी पुढे याच प्रश्नावर दीर्घ उपोषण केलं. चिमूरची ती हकीकत देशाने सविस्तर ऐकली ती काँग्रेस रेडिओवरून. चितगावची बाँबफेक, जमशेदपूरचा संप, बलियाच्या घटना या बातम्याही त्याने दिल्या. आपल्या बडोद्याचं १९४२ कसं होतं हे जुन्या मंडळींना आठवत असेल: १८ ऑगस्टला अडास स्टेशनावर बडोद्याहून गेलेल्या विद्यार्थ्यांवर गोळीबार झाला आणि पाच जण गेले. अशा दिवसांत लोक एकमेकांना काय विचारत असतील? 'काही कळलं का?' एवढंच. ते कळवायचं काम ही तार करत होती.

कार्यक्रम संध्याकाळनंतर होत, साडेसात-साडेआठच्या सुमाराला. ही वेळ लोक घरी असतात म्हणून जशी बरी, तशी लहरींसाठीही बरी. या पट्ट्यातल्या लहरी सूर्य बुडाल्यावर वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो, कधी हजाराहून अधिक किलोमीटर जातात. दिवसा तेच वातावरण त्यांना बरंचसं शोषून घेतं. आमच्या प्रतापनगरात मी रोज हेच पाहतो. चारला पुण्याशी बोलता येतं, आठला पुणं गायब होतं आणि कुठूनतरी बंगाली ऐकू यायला लागते.

पंचांग काढून पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. १९४२ चा गणेशोत्सव सप्टेंबरच्या मध्यावर आला. म्हणजे गिरगावात आरत्या चालू होत्या त्या दिवसांत हा रेडिओही चालू होता.

पोलीस अर्थातच ऐकत होते. सरकारी माणसं रोज कार्यक्रम ऐकून टिपून घेत, आणि गंमत अशी की आज आपल्याला त्या प्रक्षेपणांतला मजकूर वाचायला मिळतो तो बराचसा याच टिपणांमुळे. उषा ठक्कर यांनी २०२१ साली काँग्रेस रेडिओवर जे पुस्तक लिहिलं त्याला या कागदांचा मोठा आधार आहे. ज्यांनी आवाज बंद करायचा त्यांनीच तो जपून ठेवला. तारेचा माग काढण्याची रीतही तेव्हा होती. फिरवता येणारी वेटोळ्याची अँटेना घेऊन दोन जागांवरून दिशा पाहायची आणि नकाशावर दोन रेघा मारायच्या. रेघा जिथे छेदतात तिथे केंद्र.

पण शेवटी तारेने दगा दिला नाही, माणूस फुटला. १२ नोव्हेंबरला, दिवाळी नुकतीच संपली होती, पोलिसांनी प्रिंटरला धरलं आणि त्याच्याकडून जागा कळली. त्या रात्री पारेखवाडीत उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी यांनी कार्यक्रम सोडला, शेवटी वंदे मातरम् चालू असताना दारं फोडून पोलीस आत आले. खटला चालला. १९४३ च्या मे महिन्यात बाबूभाईंना पाच वर्षं, उषाबेनना चार, चंद्रकांतना एक वर्ष अशी शिक्षा झाली. विठ्ठलदास आणि मोटवानी सुटले. उषाबेन येरवड्याला गेल्या आणि १९४६ ला बाहेर आल्या. पुढे त्यांनी मुंबई विद्यापीठात राज्यशास्त्र शिकवलं, मणिभवनच्या अध्यक्षा झाल्या. मणिभवन लॅबर्नम रस्त्यावरच आहे, अजित व्हिला होती त्याच रस्त्यावर. १९९८ साली पद्मविभूषण मिळालं, ११ ऑगस्ट २००० ला त्या गेल्या.

प्रिंटर माफीचा साक्षीदार झाला. त्यामुळे इतिहासात त्याचं नाव येतं ते एवढ्यापुरतंच. मी त्याचं समर्थन करणार नाही. एका बावीस वर्षांच्या मुलीने तोंड उघडलं नाही आणि याने उघडलं, हे आहेच. पण मी स्वतः सोल्डरिंगची कामं करणारा माणूस आहे, आणि मला हे अर्धवट वाटतं. ज्याने यंत्र बांधलं आणि ज्याने जागा दाखवली तो एकच माणूस होता. दुसरी गोष्ट सांगताना पहिली गाळली जाते. त्यामुळे सिनेमा पाहणाऱ्याला वाटतं की रेडिओ म्हणजे माइकसमोर उभं राहणं. कमिटीच्या चहालाही हा मुद्दा निघाला. काकांचं म्हणणं पडलं, "गद्दाराचं कसलं कौतुक?" मी म्हटलं, "कौतुक नाही काका, हिशेब." यावर आमचं एकमत झालं नाही, अजूनही नाही. पण तार राहिली. काकांच्या लहानपणी घरी तांब्याची जाळी होती हे त्यांना त्या दिवशी आठवलं, आणि कमिटीने 'वीज पडण्यापासून संरक्षणाची सोय करावी' एवढ्या अटीवर कागद मागे घेतला. अट रास्त होती. अर्थिंगची तांब्याची पट्टी मी आधीच टाकायला हवी होती.

तारांच्या बाबतीत साम्राज्य आपल्यापेक्षा फार पुढे होतं, तेही सांगायला हवं. पुण्याजवळ खडकीला आणि दौंडला १९२७ साली मार्कोनी पद्धतीची बीम केंद्रं सुरू झाली. खडकीहून पाठवायचं, दौंडला घ्यायचं, दुसरं टोक थेट इंग्लंडमध्ये. तिथे एक तार नव्हती, उंच मनोऱ्यांवर तारांचे पडदेच्या पडदे टांगलेले होते, म्हणजे लहर सगळीकडे न पसरता एकाच दिशेला जाई. त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईचं रेडिओ केंद्र सुरू झालं. बडोदा संस्थानाचंही स्वतःचं रेडिओ केंद्र होतं, ते १९४८ साली ऑल इंडिया रेडिओकडे गेलं. या सगळ्यांसमोर गिरगावातली एक तार म्हणजे काहीच नाही. पण पदार्थविज्ञान दोघांना एकच आहे, आणि वीस मीटर तांबं कोणालाही परवडतं.

हीच गोष्ट तेरा वर्षांनी पुन्हा घडली, आणि ती तर आपल्या मुलखातली. २५ नोव्हेंबर १९५५ ला गोव्याच्या मुक्तीसाठी एक भूमिगत रेडिओ सुरू झाला, कोकणी आणि पोर्तुगीज भाषांत. चालवणारे दोघं: वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. यंत्राचं मूळ पाहा. १९५४ साली दादरा-नगर हवेली मुक्त झाली तेव्हा पोर्तुगीजांचे जे वायरलेस संच हाती लागले, त्यांतून हा ट्रान्समीटर तयार केला गेला. दादरा-नगर हवेलीच्या त्या लढ्यात आपले सुधीर फडके होते, हे इथल्या कोणत्याही मराठी घरात सांगावं लागत नाही. जागा होती सावंतवाडीच्या वरचं आंबोलीचं जंगल. आंबोलीचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांनी कल्पना करावी की तिथे यंत्र कोरडं ठेवायचं आणि तार ताणलेली ठेवायची म्हणजे काय असेल. ओल्या झाडाच्या फांदीला तार टेकली तरी सूर बिघडतो. पुढे केंद्र कॅसलरॉकला हललं आणि १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त होईपर्यंत, म्हणजे सहा वर्षं, चाललं. मुक्तीची बातमी या दोघांनी विमानातून लाउडस्पीकरवर पणजीला सांगितली. लिबियाबाईंना शंभरी गाठल्यावर २०२५ साली पद्मश्री मिळाली. वर्तमानपत्रात ती बातमी तुम्ही वाचली असेल. मी ती कापून रेडिओच्या टेबलावर लावली आहे.

मुंबईचा रेडिओ अडीच महिने चालला आणि गोव्याचा सहा वर्षं, याचं एक साधं कारण तारेत आहे असं मला वाटतं. आंबोली-कॅसलरॉक सरहद्दीच्या अलीकडे होतं, तिथे पोर्तुगीज पोलीस येऊ शकत नव्हता. तार एकदा बांधली की तिथेच राहू शकत होती. पारेखवाडीत तार आणि पोलीस एकाच गल्लीत होते.

आता आमच्या तारेचं. प्रतापनगरला रेल्वेची विजेची लाइन जवळ, त्यात घरोघरी एलईडी दिवे आणि चार्जर, त्यामुळे खरखर भरपूर. तरी दिवसा बरं ऐकू येतं. मोठा शत्रू म्हणजे उत्तरायण. पहिल्या वर्षी १४ जानेवारीला सकाळी दहापर्यंत तारेवर सात पतंग आणि कितीतरी मांजा. शेजारच्या अगाशीवरून आरोळ्या येत होत्या त्या पतंग कापल्याच्या की माझी तार, कळेना. दुपारी एक हात तुटलाच. आता १० जानेवारीलाच तार उतरवतो, गुंडाळून आजोबांच्या त्याच डब्यात ठेवतो, आणि वासी उत्तरायण झालं की १६ तारखेला पुन्हा चढवतो. दर वेळी सूर दोन-चार घरं इकडेतिकडे झालेला असतो, पुन्हा जुळवावा लागतो. काका खाली खुर्ची टाकून मीटर वाचून दाखवतात. त्यांना आता एकास दीड आणि एकास दोन यांतला फरक कळतो, आणि मी घाई केली तर ओरडतात.

या २७ ऑगस्टला गणपतीची प्रतिष्ठापना झाल्यावर संध्याकाळी साडेसातला मी यंत्र ७.०८० वर लावणार आहे. बोलणार काही नाही, नुसतं ऐकणार आहे. मंडळातल्या कोणाला यायचं असेल तर यावं; अगाशीवर पाच-सहा जण बसू शकतात. आणि एक विनंती. ज्यांच्या घरी जुन्या एरियलची तार, चिनी मातीचे इन्सुलेटर, तांब्याची जाळी किंवा पोस्टाचं रेडिओ लायसन्सचं पुस्तक असेल त्यांनी ते भंगारवाल्याला देण्याआधी मंडळाच्या कार्यालयात कळवावं. दोन इन्सुलेटर माझ्याकडे आहेत, तिसरा मिळाला तर ८० मीटरच्या पट्ट्याची तार बांधायचं डोक्यात आहे. तिला ४० मीटर जागा लागेल, म्हणजे समोरच्या इमारतीच्या कमिटीलाही चहाला बोलवावं लागेल.